घर-मोटारीचा ठोका

त्या गाडीत आवाज येतो, हे दादा सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं. आणि गाडी तर दादाच चालवत होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. मला त्यानंच वाढवलं, शाळेतून पळून आलो तेव्हा फोडून काढलं, आणि शेवटी हाताला धरून मोटारखान्यात नेऊन उभं केलं. आमचे पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून इकडे ग्वाल्हेरला आले, आजोबा पलटणीत होते, वडील पागेत. घोडे गेले आणि मोटारी आल्या, म्हणून आम्ही दोघे मोटारखान्यात. मालक एक मोठे सरदार. दादा ड्रायव्हर, मी मिस्त्री. आमच्या घराण्यात वारशानं दोनच गोष्टी मिळतात, ताठ मान आणि सुटलेली जीभ. दादाच्या वाट्याला मान आली, माझ्या वाट्याला जीभ.

ती गाडी काय चीज होती ते आधी सांगतो. विलायतेहून लॉरीचा नुसता सांगाडा आणि इंजिन मागवलं होतं, आणि त्यावर इथल्याच सुतारांनी सागवानी घर बांधलं होतं. हो, घर. आत भिंतीत दुमडणारे दोन पलंग, टेबल, हात धुवायला पितळी भांडं, स्टोव्ह ठेवायला पत्रा मारलेला ओटा, टपावर पाण्याची टाकी. सरदार शिवपुरीच्या जंगलात शिकारीला जायचे तेव्हा आठ-आठ दिवस त्यातच राहायचे. आम्ही तिला घर-मोटार म्हणायचो. बाजारातले लोक 'चलती कोठी' म्हणायचे. ती बांधून तयार झाली त्या दिवसापासून तिचं स्टिअरिंग दादाच्या हातात होतं. मी मोटारखान्यात आलो तो त्यानंतर काही वर्षांनी.

मग विलीनीकरण झालं. रियासत गेली, मागून जहागिरी गेल्या. सरदारांनी मोटारी विकायला काढल्या. घर-मोटारीला गिऱ्हाईकच मिळेना, म्हणून ती सरकारात जमा केली. गाडीबरोबर आम्हीही जमा झालो. द्यायच्या आदल्या दिवशी सरदारांकडची माणसं आली आणि आतलं जे जे सुटेल ते सोडवून घेऊन गेली. छताचा विजेचा पंखा, दिवे, आरसे, हात धुवायचं पितळी भांडंसुद्धा. मला तेव्हा हसू आलं होतं. दादाला मात्र आलं नाही. दारावरचं निशाण खरवडून तिथे नव्या राज्याचं नाव लिहिलं. काही वर्षांनी परत हुकूम आला, राज्यांची पुनर्रचना, तेही राज्य संपलं, राजधानी आता भोपाळला. पेंटर परत आला आणि त्यानं परत खरवडलं. त्या एका दारावर मी तीन सरकारं पाहिली.

या दुसऱ्या खेपेला मात्र नुसतं रंगवून भागणार नव्हतं. ग्वाल्हेरातच पडाव भागात आमच्या खात्याचं गॅरेज होतं, तिथे यादी लागली. कोणती गाडी भोपाळला जाणार, कोणती लिलावात निघणार, कोणता माणूस ठेवायचा आणि कोण फाजील. फाजील! वीस-वीस वर्षं घासलेल्या माणसांना हा शब्द! माझं ठीक होतं, मिस्त्री कुठेही लागतात. ड्रायव्हरांचं नशीब गाडीला बांधलेलं होतं. भोपाळहून येणाऱ्या नव्या साहेबाच्या तपासणीत घर-मोटार चालू ठरली तर दादा तिच्याबरोबर नोकरीत राहणार, भंगारात निघाली तर दादा घरी. पेन्शनला त्याला तीन वर्षं कमी पडत होती. आत्ता घरी बसवला असता तर पेन्शन बुडाली असती, आणि लग्नाच्या दोन मुली घरात होत्या.

आणि नेमका त्याच सुमारास तो ठोका सुरू झाला. ठक्... ठक्... ठक्-ठक्. उभ्या गाडीत इंजिन कितीही फिरवा, काही नाही. रस्त्याला लागून चढावर ओढ बसली, की बॉनेटखाली कुणी दार ठोठावतंय असा आवाज. क्लच दाबला की बंद. दौऱ्यावर जाणारे साहेब लोक तक्रार करायला लागले. मला वाटलं, इंजिनाच्या आतलं बेअरिंग गेलं. गॅरेजातल्या सगळ्यांनाच तसं वाटलं. बेअरिंग म्हणजे इंजिन उघडायचं, आणि त्या विलायती इंजिनाचे सुटे भाग मिळायचे केव्हाच बंद झाले होते. म्हणजे सरळ भंगार. तरी मी गाडीखाली उताणा पडलो, तेलाची टाकी उतरवली, एकेक बेअरिंग हातानं हलवून पाहिलं. सगळी घट्ट. वाल्व्ह पाहिले, पंप पाहिला, इंजिनाच्या खालचे रबर पाहिले. सगळं ठीक. मग हा ठोका देतंय कोण?

शेवटी दादाला विचारलं, "दादा, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कसला आवाज?"

"अरे, ठक्-ठक् वाजतंय ना!"

"काही वाजत नाही. तुम्हा पोरांचे कान वाजतात, नव्या साहेबाच्या भीतीनं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अडतीस वर्षांचा घोडा मी, आणि म्हणे पोर! चार दिवस आमचं रोज वाजत होतं. मी म्हणायचो, तू हट्टी आहेस, तुला तुझ्या गाडीला कुणी नावं ठेवलेली खपत नाहीत. तो माझ्याकडे टक लावून बघायचा, मग मान फिरवून निघून जायचा. मान फिरवली की पुढचं काही त्याच्यापर्यंत पोचतच नसे. मला वाटायचं, काय हा तोरा!

पाचव्या दिवशी दादा गॅरेजच्या अंगणात माझ्याकडे पाठ करून चाकात हवा भरत होता. मी त्याच्या मागे, दोन हातांवर. माझ्या हातातला मोठा पाना सुटला आणि दगडी फरशीवर आपटला. पलीकडच्या शेडमधला माणूस दचकून बाहेर आला. दादा वळलासुद्धा नाही. मी पाना उचलला आणि परत टाकला, या वेळी मुद्दाम, वरून. दादाचा पंप आपला वरखाली, वरखाली. मी पाना तिथेच सोडून घरची वाट धरली.

आमचं घर दौलतगंजात होतं, एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. घरी गेलो तो सरळ वहिनींसमोर उभा राहिलो. वहिनी भाकरी थापत होत्या. मी काही विचारायच्या आतच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"कळलं ना आता तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, भावजी. आधी डावा कान गेला, मग उजवा. मी हाक मारत नाही त्यांना, जमिनीवर पाय आपटते. हादरा बसला की वळून बघतात."

"आणि डॉक्टरी तपासणीत दादा पास कसा झाला?"

"डॉक्टरांच्या ओठांवरून. ओठांवरून सगळं कळतं त्यांना. मराठी कळतं, हिंदी कळतं. फक्त समोर तोंड पाहिजे." मग पिठाचे हात तसेच ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "कुलस्वामीची शपथ घ्या. तीन वर्षं निघेपर्यंत कुणापुढे अवाक्षर काढायचं नाही. तुमच्या जिभेचं मला भय वाटतं."

मी देवघरापुढे जाऊन शपथ घेतली. मनापासून घेतली, खोटं नाही बोलत. दादाशी मात्र त्या विषयावर बोललो नाही. काय बोलणार? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलताना त्याच्या समोर जाऊन उभा राहायला लागलो, एवढंच. त्यालाही ते कळलं असणार. 

मग तपासणीचा साहेब आला. भोपाळकडचा, हिंदी बोलणारा, चष्मेवाला, वयानं माझ्याच बरोबरीचा. मला त्याला राक्षस म्हणायला आवडलं असतं, पण माणूस सभ्य होता. सगळ्यांना 'आप' म्हणायचा, चहा स्वतःच्या हातानं पुढे करायचा. त्यानं घर-मोटारीचा कागद वाचला, इंजिनात आवाज, कारण अज्ञात. चष्मा पुसत म्हणाला, "कल सुबह इसे मुरार की तरफ़ चलाकर देखते हैं. मिस्त्री गाड़ी चलाएगा. ड्राइवर पीछे बैठकर आवाज़ ढूँढेगा. बीस साल से इनकी गाड़ी है, इनसे अच्छा कौन जानेगा?"

अब बोलो! बहिऱ्या माणसाला आवाज शोधायला बसवलं. मी म्हणालो, साहेब, शोधायचं काम माझं, गाडी दादालाच चालवू द्या. तो म्हणाला, आप तो महीना भर ढूँढ चुके.  दादा समोर उभा राहून साहेबाच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं शांतपणे मान हलवली. "जी, साब."

आमच्या घरात एक गज होता. पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीचा, दारू ठासायचा, शिसवी लाकडाचा लांब गज, टोकाला पितळी टोपण. बंदूक केव्हाच गेली होती, गज उरला होता. खंडेनवमीला आम्ही तलवार ठेवतो तिथे तो ठेवायचा, हळद-कुंकू लावायचं, आणि दसऱ्यानंतर परत हत्यारांच्या पेटीत. वडील पागेत असताना तो नुसता पडून असायचा. दादानं त्याला कामाला लावलं होतं. पितळी टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं टोक कानाला लावायचं, की आतली खुडखुड स्पष्ट कळते. इतर मिस्त्री त्यासाठी लांब पेचकस वापरतात. आम्ही पणजोबांचा गज वापरायचो, आणि तसं चारचौघांत सांगायचोही. त्या सकाळी दादा तो गज घेऊन निघाला. दारात वहिनी माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी त्यांची नजर टाळली.

पडावहून निघालो. मी स्टिअरिंगवर. मागचं घर आणि पुढची बैठक यांच्यामध्ये एक लहान खिडकी होती, आणि माझ्या डोक्यावरच्या आरशात त्या खिडकीतून मागचं दिसायचं. साहेब एका पलंगावर गुडघे जुळवून बसला होता. दादा जमिनीवर, सागवानी फळ्यांवर ओणवा. मुरारच्या रस्त्याला चढ लागला, मी गाडीला जोर दिला, आणि सुरू झालं. ठक्. ठक्-ठक्. साहेबानं लगेच मान वर केली. दादा गजाचं टोक फळीला टेकवून कान लावत होता, गंभीर चेहऱ्यानं, डोळे मिटून. एक फळी झाली, दुसरी झाली. नुसतं सोंग चाललं होतं.  मला त्या साहेबाचा, त्या यादीचा, भोपाळचा, सगळ्यांचा इतका संताप आला की गिअर टाकताना हिसका बसला.

त्या हिसक्यानं दादा आडवा होता होता वाचला. दोन्ही हातांनी त्यानं पलंगाचा खांब धरला, आणि गज पडू नये म्हणून चटकन दातात पकडला. पितळी टोक फळीवर टेकलेलंच होतं.

आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. आधी तो नुसता थांबला. मग त्याचे डोळे मोठे झाले. मग त्यानं हळूच, भीत भीत, गज दातातच ठेवून टोक पुढच्या फळीवर नेलं. परत थांबला. मी गाडीचा जोर सोडला नाही. चढ संपू नये असं वाटत होतं. दादा गुडघ्यांवर रांगत मागे गेला, मग पुढे आला, मग जरा डावीकडे. एका जागी तो असा गोठला, की मला वाटलं याला काही झालं की काय. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी ऐकू येत होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं, कानाची बाहेरची वाट बुजते, आतलं शाबूत असतं, हाडांतून गेलेला आवाज पोचतो. आम्हाला तेव्हा कोण सांगणार होतं?

दादानं तळहातानं जमीन बडवली. "थांब! थांब!"

मी गाडी कडेला घेतली आणि मागे धावलो. दादा पेचकसानं फळीचे स्क्रू काढत होता. चेहरा कसा दिसत होता म्हणून सांगू! "अरे गाढवा," तो मला म्हणाला, "हा पंख्याचा दांडा!"

फळी उचलली. खाली पत्र्याची पेटी. तिच्यात एक लोखंडी दांडा. गिअरबॉक्सच्या कुशीतून निघून तो पार मागे गेला होता. गाडी बांधली तेव्हा सरदारांच्या बाईसाहेबांना उकडू नये म्हणून छताला विजेचा पंखा लावला होता, आणि त्याच्या डायनॅमोला फिरवायला हा दांडा टाकला होता. पंखा नेला, डायनॅमो नेला, दांडा काढायची तसदी कुणी घेतली नाही. इतकी वर्षं तो रिकामाच फिरत होता. त्याची पितळी बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो ते कडं, झिजून गेली होती. चढावर इंजिन जरासं कललं की दांडा त्या बुशीत आपटायचा, आणि ठोका सांगाड्यातून पुढे चढून बॉनेटमध्ये वाजायचा. खालून धुळीसाठी पत्रा मारलेला, म्हणून मला कधी दिसला नव्हता. सरकारच्या कागदात त्याची नोंद नव्हती. तो दांडा ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्या एकट्यालाच आवाज ऐकू येत नव्हता.

दोन बोल्ट काढले, दांडा ओढून बाहेर टाकला, आणि त्याच चढावर गाडी परत घातली. गाडीतून चकार शब्द नाही. इंजिन आपलं लोण्यासारखं. दादानं गज दातात धरून पुन्हा एकदा सगळ्या फळ्या तपासल्या आणि मग माझ्याकडे बघून हसला. माझ्या लहानपणी पतंग काटला की तो तसा हसायचा. झालं होतं सगळं. गाडी वाचली, नोकरी वाचली, तीन वर्षं वाचली. मला तिथे फक्त गप्प राहायचं होतं. बस, तेवढंच.

आम्ही तिघे रस्त्याच्या कडेला उभे होतो. दादा फडक्यानं हात पुसत होता. साहेबानं त्या दांड्याकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि हसत म्हणाला, "चलिए, इत्तेफ़ाक़ से मिल गया. रियासती गाड़ियों का यही हाल है. आधा सामान काग़ज़ पर नहीं, आधा किसी के काम का नहीं."

इत्तेफाक! योगायोग म्हणे! माझं डोकं फिरलं. मला वाटलं हा गाडीला नाही, आम्हाला म्हणतोय. पणजोबांपासून सगळ्यांना म्हणतोय. आधीच आम्हाला फाजील ठरवून बसलेले हे लोक. आणि माझी जीभ सुटली.

"इत्तेफ़ाक़?" मी म्हणालो. "साब, आपके भोपाल में है कोई ऐसा? ये आदमी कान से नहीं, दाँत से सुनता है, दाँत से! दो साल से इनके दोनों कान बंद हैं, एक लफ़्ज़ नहीं सुना इन्होंने, और आपके सारे कानवाले जो नहीं ढूँढ पाए, वो इन्होंने ढूँढ निकाला!"

बोलताना माझी छाती फुगली होती. खरंच सांगतो, त्या क्षणी मला शपथ आठवली नाही, वहिनी आठवल्या नाहीत, काही नाही. फक्त अभिमान. साहेबाचं हसू हळूच मावळलं. त्यानं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अच्छा," तो म्हणाला. "दोनों कान?" आणि मग मला कळलं मी काय केलं ते.  मी काहीतरी सारवासारव केली, तसं नाही साहेब, जरा कमी येतं, सर्दी आहे. तो सरळ दादाजवळ गेला, त्याचा हात हातात घेतला, आणि म्हणाला, "बहुत बढ़िया काम किया आपने." दादानं अदबीनं मान लववली.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. गाडी चालू, भोपाळला रवाना करावी. ड्रायव्हर ऐकण्यास असमर्थ, वाहन चालवण्यास अपात्र, सेवामुक्त. मिस्त्री होशियार, ग्वाल्हेरच्या गॅरेजातच ठेवावा, हेड मिस्त्री करावा. हेड मिस्त्री! माझ्या तोंडाची बक्षिशी.

गाडी न्यायला दुसरा ड्रायव्हर आला. दादा त्या दिवशी पडावला आला होता. गाडी फाटकातून निघाली आणि त्यानं वाकून तळहात जमिनीला टेकवला, हादरा जाईपर्यंत तसाच वाकून राहिला. मला बघवलं नाही. मी शेडमध्ये जाऊन नको तो बोल्ट पिळत बसलो.

घरी वहिनींनी विचारलं, "कसं कळलं हो त्यांना?" मी म्हणालो, "मला काय ठाऊक? तपासणीत कळलं असेल." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पोळपाट ओढून घेतला. त्या वर्षी खंडेनवमीला मी गज मांडायला गेलो, तर पेटीत नव्हता. मधल्या खोलीच्या दाराला पडदा अडकवायला वहिनींनी तो लावून टाकला होता. दादानंच दिला म्हणाल्या. मी काढा म्हणालो नाही.

त्यानंतर दादाचं घर माझ्या पगारावर चाललं. मुलींची लग्नं मी केली. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला ते ऐकून घाम फुटायचा. दादा गच्चीवर उन्हात बसायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या साहेबाचा उद्धार करायचा. "माझ्या पोटावर पाय दिला मेल्यानं. हात हातात घेतला आणि मागून सुरी फिरवली. हे असले लोक!" आणि मी समोर बसून म्हणायचो, "हो ना दादा, हरामखोरच तो." इतकी वर्षं म्हणत आलो. त्या सभ्य माणसाला मी माझ्या तोंडानं किती शिव्या दिल्या, याचा हिशेब नाही.

मग मीही रिटायर झालो. गॅरेजात हार घातला, नारळ दिला, दोन जण बोलले. हार गळ्यात तसाच घेऊन मी घरी आलो. वहिनी तोवर गेल्या होत्या. दादा गच्चीवर बसला होता, थकलेला, पण मान तशीच ताठ. मी त्याच्या समोर बसलो, सवयीनं.

"काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"म्हणाले, असा होशियार मिस्त्री होणे नाही."

"हं. त्या साहेबानंही तेच लिहिलं होतं." थोडा वेळ तो माझ्या हाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दातानं ऐकतो हा माणूस. दोन्ही कान बंद. असंच म्हणाला होतास ना?"

मला वाटलं, माझेच कान गेले.

"तू साहेबाशी बोलत होतास," दादा म्हणाला, "पण तोंड माझ्याकडे होतं तुझं. मला बघून बोलत होतास. सगळं दिसलं मला."

मी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. मग कसाबसा म्हणालो, "मग इतकी वर्षं त्याला शिव्या का देत होतास?"

"तुला देऊन जेवायला कुठे गेलो असतो?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. मी मान खाली घातली. चूक झाली दादा, मला माफ कर, असं काहीतरी मी पुटपुटत होतो. त्यानं माझ्या हनुवटीला बोट लावलं आणि तोंड वर केलं.

"वर बघून बोल," तो म्हणाला. "खाली बघून बोललास की मला कळत नाही."

मी वर पाहिलं. आणि मग मला काही बोलता आलं नाही.